गच्चीवरचे उष्णोदक

दरमहा या पानावर एखादे वचन घ्यावे, त्याचा अन्वय लावावा आणि मग त्याचे निरूपण करावे, असा आपला परिपाठ आहे. या महिन्यात तो जरा बाजूला ठेवतो. गेल्या अमावास्येला मठात एका भक्ताने मला जो प्रश्न विचारला, तो अजून मनातून जात नाही. आणि तो प्रश्न आज ना उद्या आपल्यापैकी आणखी काहींच्या घरी येणार, असे मला दिसते.

हे गृहस्थ बेळगावचे. फाउंड्रीचा धंदा, व्यवहार सचोटीचा, दरवर्षी न सांगता दासोहाला धान्य पाठविणारे. दर्शन घेऊन ते बसले आणि पिशवीतून एक गुळगुळीत, रंगीत छापील पत्रक काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवले. त्यावर निळ्या पाण्याने भरलेली एक मोठी कुंडी, तिच्यातून उठणारी वाफ आणि आत बसलेली हसरी माणसे. याला हॉट टब म्हणतात. काही जण जकूझी म्हणतात. आत पाणी तापते, तापलेलेच राहते आणि बाजूच्या भोकांतून जोराच्या धारा अंगावर येतात. "अप्पाजी, गच्चीवर बसवायचा म्हणतो. आईचे गुडघे धरतात. पैसा आहे, जागा आहे. पण मनाला खात्री होईना. आपण होय म्हणाल तर घेतो, नाही म्हणाल तर विषय संपला."

मी त्या दिवशी होय म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. दोन्ही उत्तरे मला खोटी वाटली. पत्रक ठेवून जा, असे सांगितले. पुढचे जे लिहितो आहे ते त्या पत्रकाकडे पाहत केलेले चिंतन आहे असे समजा.

'नाही' म्हणणे सर्वांत सोपे होते. मठाधिपतीने चैनीला नाही म्हणावे अशी लोकांची अपेक्षाच असते. परंतु खरे सांगायचे तर मी स्वतः गरम पाण्याचा लोभी आहे. पाठशाळेत असताना पहाटे साडेचारला विहिरीच्या गार पाण्याने आम्हा मुलांची आंघोळ व्हायची. पौषात दात वाजत असताना शब्दरूपे म्हणावी लागायची. त्या वयात मोक्ष म्हणजे काय, असे कोणी विचारले असते तर मी तांब्याचा बंब दाखविला असता. आज मठात सौर बंब आहे आणि ढगाळ दिवशी तो तापला नाही की माझी चिडचिड होते, हे आमच्या सेवेकऱ्यांना ठाऊक आहे. ज्याला बादलीभर उष्णोदक सुटत नाही, त्याने दुसऱ्याच्या कुंडीवर कोणत्या तोंडाने टीका करावी?

शिवाय हे परदेशी फॅड आहे असे म्हणून हात झटकावेत, तर तेही शास्त्राला धरून होणार नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्वेदाचे तेरा प्रकार सांगितले आहेत, त्यांत अवगाह हा एक आहे. अवगाह म्हणजे कोमट द्रवाने भरलेल्या पात्रात अंग बुडवून बसणे. वातविकारावर तो सांगितलेला आहे. वाग्भटानेही अष्टांगहृदयात म्हटले आहे की मानेखालच्या शरीराला उष्ण पाणी बल देते आणि तेच डोक्यावर घेतले तर केसांचे व डोळ्यांचे बल हरते. आपल्या या भागात तर दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी हंडे घासून, त्यांना चुन्याचे-हळदीचे पट्टे ओढून, गळ्यात वेली बांधून पाणी भरण्याचा सण असतो. कन्नडमध्ये त्याला नीरु तुंबुव हब्ब असेच नाव आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे तेल लावून त्या पाण्याने सारे घर न्हाते. तेव्हा गरम पाण्याचे सुख हे आपल्याला पाप म्हणून कोणी शिकविलेले नाही. शरणांनी नाकारली ती पाण्यात बुडी मारली की पुण्य लागते ही समजूत. अंग शेकल्याने बरे वाटते, हे त्यांनी कुठे नाकारले?

मग प्रश्न आहे तरी कुठे? तो या वस्तूच्या जन्मकथेतच सापडेल, म्हणून ती आधी सांगतो.

जकूझी हे एका कुटुंबाचे आडनाव आहे. इटलीतून अमेरिकेत गेलेले सात भाऊ. कॅलिफोर्नियात त्यांनी १९१५ साली कारखाना काढला. आधी विमानाचे पंखे केले, पुढे शेतातल्या विहिरीचे पाणी उपसणारे पंप. म्हणजे आपल्या बागायतदाराच्या ओळखीचाच धंदा. त्या भावांपैकी कँडिडो याच्या लहान मुलाला संधिवात जडला. इस्पितळात त्याला पाण्याच्या धारांचा शेक देत. त्याने आराम पडे, पण रोज इस्पितळ गाठणे कठीण. तेव्हा बापाने १९४८ च्या सुमारास स्वतःच्याच पंपाच्या विद्येतून न्हाणीच्या टबात ठेवता येईल असा छोटा पंप तयार केला. १९५६ मध्ये तो बाजारात आला, तेव्हाही तो रुग्णांसाठीच होता. १९६८ साली त्याच घराण्यातल्या रॉय जकूझी याने टब आणि धारा एकत्र करून घरोघरच्या सुखासाठी ते विकायला काढले. त्यानंतर ती वस्तू कुठे पोहोचली ते या पत्रकावरच्या हसऱ्या चेहऱ्यांवरून दिसतेच.

पाहा, वस्तू एकच. एका बापाने आपल्या पोराच्या दुखऱ्या सांध्यासाठी केली तेव्हा ती कायक होती. सुखासाठी घेतली तेव्हा भोग झाली. भोगालाही संसारात जागा आहे. आणि शेजाऱ्याने घेतली म्हणून घेतली तेव्हा ती यांपैकी काहीच उरली नाही. पत्रक हातात घेणाऱ्याने आपण या तिन्हींपैकी कोणत्या पायरीवर उभे आहोत, हे स्वतःला विचारावे. माझ्या गृहस्थांनी आईच्या गुडघ्यांचे नाव घेतले होते. मी त्यांच्यावर अविश्वास दाखविला नाही, पण पत्रकावरचा टब सहा माणसांचा होता. घरात माणसे पाच. आयदक्की मारय्या एक दिवस नेहमीपेक्षा जास्त तांदूळ वेचून घरी आले, तेव्हा लक्कम्मांनी ते परत टाकून यायला लावले, ही कथा आपल्या मुलाबाळांनाही पाठ आहे. लक्कम्मांनी तांदळाला नावे ठेवली नव्हती. रोजच्यापेक्षा जास्त कशाला, एवढेच विचारले होते. एका आईच्या गुडघ्यांना सहा माणसांची कुंडी कशाला?

आता गुडघे आणि देह यांविषयी. देह हा शरणांच्या दृष्टीने देवालय, म्हणून त्याची काळजी घेणे हा धर्मच. उष्ण पाण्यात बसले की रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो, आखडलेले स्नायू सैल होतात. सांधेदुखीला बरे वाटते ते खरेच आहे. पण ज्याचे हृदय अशक्त आहे, ज्याचा रक्तदाब गोळ्यांवर आहे, त्याला त्याच कारणाने घेरी येते. विशेषतः झटकन उठताना. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे त्यांना पाणी पोळते आहे हेच कळत नाही. गर्भवतीने, त्यातही पहिल्या तीन महिन्यांत, अशा पाण्यात बसू नये. अतिउष्णतेने गर्भाला इजा होऊ शकते. पाच वर्षांखालच्या मुलांना आत घेऊ नये. पाणी चाळीस अंशांवर कधीही जाऊ नये आणि बसणे दहा-पंधरा मिनिटांचे असावे. मद्य घेऊन बसणे तर जिवावरचे. आपल्या घरी तो प्रश्न नाही असे मी धरून चालतो, पण पाहुणे सर्व प्रकारचे येतात. मौज अशी की चरकाने स्वेद कोणाला देऊ नये याची जी यादी दिली आहे, तिच्यात गर्भिणी, मधुमेही आणि नित्य मद्य घेणारा हे तिघेही आहेत. एवढ्या जुन्या काळची ती यादी आज टब विकणाऱ्याने पत्रकाच्या पाठीवर छापावी अशी आहे. त्याने ती छापलेली नाही, हे मी पाहिले.

पत्रकावर आणखी एक गोष्ट नव्हती. १९९९ साली हॉलंडमधल्या बोवेनकार्स्पेल या गावी फुलांचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्यात विक्रीसाठी असे टब मांडले होते, पाणी घालून, धारा सुरू करून. कोणी त्यात उतरणार नव्हते, म्हणून पाणी शुद्ध ठेवण्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. कोमट, न शुद्ध केलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जीवाणू वाढतो. टबाची ऊब त्याला फारच मानवते. धारांच्या तुषारांतून तो हवेत पसरला. लोक फुले पाहत जवळून नुसते चालत गेले, श्वास घेतला आणि आजारी पडले. निदान बत्तीस माणसे दगावली. ती कोणी टबात बसली नव्हती, की टब विकत घेणार नव्हती.

सद्भक्तहो, ही हकीगत मी तुम्हाला भिववायला सांगत नाही. नीट राखलेला टब घातक नसतो. पण न राखलेला टब मालकापुरता राहत नाही, शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईपर्यंत जातो, हे ध्यानात घ्या. राखणे म्हणजे काय तेही ऐका. आठवड्यातून निदान दोन-तीनदा पाणी तपासायचे. क्लोरीन लिटरला तीन मिलिग्रॅमच्या खाली जाऊ द्यायचे नाही, आणि गरम पाण्यात ते लवकर उडते. पाण्याचा सामू सात ते पावणेआठच्या आसपास हवा. गाळणी धुवायची. झाकण रोज लावायचे, कुलूप घालायचे, कारण पोरे गच्चीवर जातात. तीन-चार महिन्यांनी सगळे पाणी काढून कुंडी आतून घासायची. आपल्याकडे धूळ फार, तेव्हा त्याआधीही. बोअरचे जड पाणी असेल तर तापविणाऱ्या कांडीवर चुन्याचा थर बसतो, तो वेगळाच. जपानी लोकांची टबात बसायची रीत जुनी आहे. ते आधी बाहेर साबण लावून अंग स्वच्छ धुतात, मगच आत उतरतात. म्हणून एकाच पाण्यात सारे घर बसते, आणि पुष्कळ घरांत तेच पाणी दुसऱ्या दिवशी कपडे धुवायला घेतात. तेवढी शिस्त आपण पाळणार का? की घामेजल्या अंगाने थेट उतरणार?

एक सूचना मात्र सौम्यपणे देता येत नाही. टबाच्या तळाशी पाणी ओढून घेणारे तोंड असते. २००२ साली अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात अशाच टबाच्या ओढीने पाण्याखाली खिळली गेली आणि बुडाली. तिच्या आईने नंतर पाठपुरावा केला आणि २००७ मध्ये त्या देशात त्या मुलीच्या नावाने कायदा झाला. अशा तोंडावर केस व अंग न अडकेल अशी जाळी बसविणे बंधनकारक झाले. टब घेणाऱ्याने ती जाळी आहे की नाही हे स्वतः हात घालून पाहावे. विक्रेत्याच्या शब्दावर राहू नये.

आता गच्चीचे गणित. मला स्थापत्य कळत नाही. पण मठाच्या बांधकामात अभियंत्यांशी बोलून थोडे समजले आहे. निवासी घरातल्या खोलीची जमीन चौरस मीटरला साधारण दोनशे किलो भार धरून आखतात, वापरती गच्ची दीडशे. सहा माणसांच्या टबात पंधराशे लिटर पाणी मावते असे धरू. तेच पंधराशे किलो. टबाचे वजन तीनशेच्या घरात, त्यात पाच माणसे. दोन टनांच्या वर गेले आणि बसले जेमतेम चार चौरस मीटरवर. म्हणजे चौरस मीटरला पाचशे किलोहून अधिक. दीडशेच्या गच्चीवर पाचशे! खाली बहुधा आजीची खोली असते. तेव्हा घराचा नकाशा घेऊन अभियंत्याकडे गेल्याशिवाय गच्चीचा विचारच करू नये. जुन्या दगडमातीच्या घरात तर बोलायलाच नको. विजेची जोडणी स्वतंत्र हवी, अर्थिंग चोख हवे आणि तीस मिलिअँपियरला वीज तोडणारे उपकरण हवेच. ओले अंग आणि वीज यांच्यामध्ये तेवढाच एक पहारेकरी असतो.

वीज आणि पाणी किती लागते, याचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. पंधराशे लिटर पाणी चोवीस अंशांवरून एकोणचाळीसवर न्यायला सव्वीस युनिट लागतात. पंधरा लिटरची बादली तितकीच तापवायला पाव युनिट. म्हणजे कुंडी एकदा तापविण्यात शंभर बादल्यांची ऊब गेली, आणि ती तशीच ठेवायला पुढे रोज वीज जळतच राहते, कोणी बसो वा न बसो. या हिशेबात टब हरतो.

पाण्याच्या हिशेबात मात्र तो हरला नाही, आणि याचे मला आश्चर्य वाटले. मी मनाशी धरून बसलो होतो की हा पाण्याचा अपव्यय. पण पंधराशे लिटर शंभर दिवस पुरले तर रोजचे पंधरा लिटर झाले, एक बादली. वर उडून जाणारे आणि आधी अंग धुण्याचे धरले तरी फार नाही. शॉवरखाली दहा मिनिटे उभा राहणारा माणूस रोज नव्वद-शंभर लिटर घालवतो आणि त्याच्याकडे कोणी बोट दाखवीत नाही. तेव्हा टब घेणाऱ्याला पाणीचोर म्हणण्याआधी आपल्या न्हाणीतला शॉवर मोजून पाहावा. आमच्या अतिथिगृहातले शॉवर मी त्याच आठवड्यात मोजायला सांगितले. आकडा इथे छापत नाही.

तरीही पाणी ही नुसत्या बेरजेची गोष्ट नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीतून सुमारे पाच लाख लिटर गेले. लातुरात आपले किती भक्त आहेत! त्या उन्हाळ्यात तिथून आलेल्या एका म्हाताऱ्या भक्ताने मठात पाय धुवायला दिलेला तांब्या अर्धाच वापरून परत ठेवला, ते मी पाहिले आहे. ग्रामीण भागात घरोघरी नळ देण्याची २०१९ ची योजना माणशी रोज पंचावन्न लिटर धरते. त्या मापाने एक कुंडी म्हणजे सत्तावीस माणसांचा एक दिवस. बेळगावकरांनी उन्हाळ्यात राकसकोपची पातळी वर्तमानपत्रात वाचून मगच कुंडी भरायचा दिवस ठरवावा, एवढे तरी म्हणता येईल. ज्या गल्लीत टँकरपुढे घागरी लागतात, त्या गल्लीत गच्चीवरून वाफ निघणे कसे दिसेल? ते पाणी तुमच्या हक्काच्या बोअरचे असेलही. पण जमिनीखालच्या पाण्याला तुमची कुंपणभिंत ठाऊक नसते. शेजाऱ्याची विहीर त्याच झऱ्यावर असते.

सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात तळे बांधले, ते आजही तिथे आहे. सोलापूरला गेलात तर त्याच्या काठावरून चालून पाहा. पाणी सर्वांचे, कष्ट स्वतःचे, असे ते काम. आणि शून्यसंपादनेत येते ते असे की अल्लमप्रभूंनी तिथे येऊन त्यांनाही सोडले नाही. या मातीकामापलीकडे काय, असे विचारलेच. सर्वांसाठी तळे खोदणाऱ्यालाही ज्या परंपरेत प्रश्न विचारला जातो, तिथे स्वतःपुरती कुंडी घेणाऱ्याने चार प्रश्नांचा राग मानू नये.

माझ्या मनात सर्वांत जास्त घोळला तो प्रश्न पाण्याचा नव्हे आणि पैशाचाही नव्हे. त्या टबाचे कायक कोण करणार?

घरात आलेली प्रत्येक वस्तू आपले काम बरोबर घेऊन येते. गाय आणली तर शेण येते. विक्रेता ते काम पत्रकात लिहीत नाही आणि घेणारा ते मनात आणीत नाही. दोघेही असे धरून चालतात की कोणीतरी करील. तो कोणीतरी बहुधा ठरलेला असतो. सकाळी भांड्यांना येणारी बाई, किंवा घरातली सून. तिने गच्चीवर चढून गाळणी धुवायची, क्लोरीन घालायचे, झाकण ओढायचे, आणि संध्याकाळी बसायचे दुसऱ्यांनी. इष्टलिंगाची पूजा आपण पुजारी नेमून करवीत नाही. आपले लिंग आपल्या तळहातावर, आपल्याच हाताने मज्जन. दुसऱ्याने करून चालत नाही, हे आपल्या आचाराचे मूळ आहे. मी असे म्हणत नाही की टबाची गाळणी आणि लिंगपूजा सारखीच. पण ज्याला एका ठिकाणी स्वतः करण्याची सवय आहे, त्याला दुसऱ्या ठिकाणी ती का सुटावी? टबात बसणाऱ्याने टब धुवावा. तेवढी तयारी असेल तर माझा अर्धा विरोध गळून पडतो.

हे मी शहाणपणाने सांगतो असे समजू नका. काही वर्षांपूर्वी एका भाविकाने मठाच्या अंगणात कारंजे बांधून देतो म्हटले. मला मोह झाला. रात्री दिवे लागले की फार सुंदर दिसे. मी स्वतः आल्यागेल्याला दाखवीत असे. त्याला घासणार कोण, हे मी विचारले नव्हते. दुसऱ्या वर्षी पंप जळला, पाणी साचून राहिले, शेवाळ धरले आणि पावसाळ्यात पाठशाळेतल्या तीन मुलांना डेंग्यू झाला. त्यातला एक मुलगा आठ दिवस इस्पितळात होता. रात्री त्याच्या उशाशी त्याची आई बसे आणि मी मठात झोपत असे. डास त्या कारंज्यातलेच होते की बाहेरचे, हे कोणी सिद्ध केले नाही. मला सिद्ध करायची गरज वाटली नाही. आता त्यात माती भरून तुळस आणि बेल लावले आहेत.

आणखी एक गोष्ट विचारायला संकोच वाटतो, पण विचारली पाहिजे. घरातल्या बायका तो वापरणार का? आपल्या गावांत गच्चीला गच्ची लागून असते. चार बाजूंच्या खिडक्यांतून दिसणाऱ्या पाण्यात सासू-सुना उतरतील, असे ज्याला वाटते त्याने आपल्या घरात नीट पाहिलेले नाही. "सगळ्यांसाठी घेतला" म्हणून आणलेल्या कित्येक वस्तू प्रत्यक्षात घरातल्या दोन पुरुषांच्या होतात आणि त्यांची झाडलोट मात्र सगळ्यांची होते.

आठ दिवसांनी ते गृहस्थ पुन्हा आले. या वेळी मी विचारले, "आई कुठे आहेत?"

"खाली गाडीत बसल्या आहेत, अप्पाजी. पायऱ्या चढवत नाहीत."

मी खाली गेलो. वृद्ध बाई, पायांवर शाल, हातात विभूतीची पुडी. गाडीचे दार उघडून मी तिथेच स्टुलावर बसलो आणि म्हटले, "आई, तुमच्यासाठी गच्चीवर गरम पाण्याची कुंडी बसवायची म्हणतो हा. तुमच्या मनात काय आहे?"

त्यांनी मुलाकडे पाहिले. मग मला म्हणाल्या, "गच्ची बघून मला तीन वर्सं झाली की हो, अप्पाजी. बावीस पायऱ्या आहेत. पापडसुद्धा सूनच घालते."

कोणी काही बोलेना. मुलाचे तोंड उतरले होते. मी विचारले, "मग तुम्हाला काय हवे?"

"न्हाणीत उंच पाट पायजे. आणि उठताना धरायला एक दांडी. फरशी बुळबुळीत आहे, रोज भ्या वाटतंय." जरा थांबून त्या म्हणाल्या, "दिवाळीला हा लहान असताना मी ह्याच्या पाठीवर पाणी घालायची. आता माझ्या पाठीवर तेल लावायला कोणी हात देत नाही. सून करंल, पण तिला सांगायचं कसं?"

त्यांच्या गुडघ्यांविषयी डॉक्टरांना विचारले होते का, असे मी मुलाला विचारले. विचारले नव्हते. मग ते विचारून आले. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या पाहून चाळीस अंशांच्या पाण्यात बसायला मनाई केली. गुडघ्यांना गरम पाण्याच्या पिशवीचा शेक आणि खुर्चीत बसून करायचे दोन व्यायाम सांगितले. न्हाणीत दांडी बसली, पाट आला, फरशीवर खरबरीत पट्ट्या लावल्या. सगळे मिळून टबाच्या वाहतुकीइतकाही खर्च आला नसावा.

टबाचा विषय मात्र संपलेला नाही, हेही लिहिले पाहिजे. गेल्या सोमवारी गृहस्थांचा फोन आला. म्हणाले, "अप्पाजी, आईसाठी नको हे कळले. पण खरे सांगू? मलाच हवा आहे. दिवसभर भट्टीपुढे उभा असतो, पाठ मोडून येते. लहान, दोन माणसांचा, तळमजल्यावर मागच्या अंगणात बसवतो. गाळणी मी धुतो."

त्यांनी पहिल्यांदाच खरे कारण सांगितले होते. मी म्हटले, आधी अभियंत्याला जागा दाखवा, वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि घरात सूनबाईंना विचारा. पत्रक अजून माझ्याच मेजावर आहे. ते न्यायला या महिन्यात येणार आहेत.